घोटा मुरगळला आहे: आराम किती दिवस, हालचाल केव्हापासून?

पाऊलखुणा

नमस्कार. नऊ दिवसांपूर्वी जिना उतरताना शेवटची पायरी नजरेतून सुटली, उजवे पाऊल आतल्या अंगाला वळले आणि घोटा मुरगळला. पडताना कोपर जमिनीवर घासल्यामुळे तेथील कातडीही सोलवटली. तासाभरातच घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज आली आणि तिसऱ्या दिवशी काळानिळा रंग थेट बोटांपर्यंत उतरला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय तपासला, हाड मोडलेले नाही असे सांगितले आणि विश्रांती घ्यायला सांगितली. विश्रांती म्हणजे नेमके काय, हे विचारायचे मात्र राहून गेले.

आता घरात दोन मते आहेत. थोरले बंधू म्हणतात की दुखणे पूर्ण थांबेपर्यंत पाऊल जमिनीला टेकवूच नये. माझी एक मैत्रीण असाच घोटा मुरगळल्यावर तिसऱ्या दिवसापासून चालू लागली होती. जितके बसून राहशील तितका पाय आखडेल, असे ती बजावते. मी सध्या भिंतीचा आधार घेत लंगडत चालते. सकाळची पहिली पाच-सहा पावले फार जड जातात, मग पाय थोडा मोकळा होतो. बर्फ लावावा की गरम शेक द्यावा, पट्टी रात्री ठेवावी की काढावी आणि आराम किती दिवस करावा, हे ज्यांनी भोगले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. कोपरावरची जखम हवा लागावी म्हणून उघडी ठेवली आहे, पण हात दुमडला की खपली तडकते आणि पुन्हा रक्त येते. त्याचेही काय करावे?

सांजवेळ

लवकर बऱ्या व्हा. एक शंका आहे. डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता का? नसेल तर हाड मोडलेले नाही हे त्यांनी कशावरून ठरवले?

पाऊलखुणा

सांजवेळ, एक्स-रे काढला नाही. त्यांनी घोट्याच्या हाडांवर आणि पावलाच्या दोन्ही कडांवर बोटाने दाबून पाहिले आणि मला चार पावले चालायला लावले. दुखत होते, पण चालता आले.

तळटीप

सांजवेळ यांची शंका रास्त आहे, पण त्या डॉक्टरांनी केले ते पूर्णपणे शास्त्राला धरून होते. कॅनडातील डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी एक साधी पद्धत मांडली, तिला ‘ओटावा नियम’ म्हणतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडे वर येतात, त्यांच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंटीमीटर भागात दाबल्यावर दुखते का, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या साधारण मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तेथे आणि आतल्या बाजूला कमानीच्या वर असलेल्या हाडावर दाबल्यावर दुखते का, आणि मार लागल्यानंतर लगेच व तपासणीच्या वेळी चार पावले टाकता येतात का, एवढे त्यात पाहतात. यांपैकी कोठेही दाबल्यावर दुखले किंवा चार पावले टाकता आली नाहीत तर एक्स-रे काढावा. यांपैकी काहीच नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फारच कमी असते. लंगडत टाकलेले पाऊलही यात धरले जाते.

हा नियम तपासणाऱ्याच्या हातात शोभतो. लहान मुले, पायाची संवेदना कमी झालेली माणसे किंवा नशेत असलेली व्यक्ती यांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये, कारण दुखते की नाही हे त्यांना नीट सांगता येत नाही.

रानवारा

बर्फाबद्दल थोडा इतिहास सांगतो, कारण सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो. आराम, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये ‘राइस’ या आद्याक्षरांनी मांडली आणि ती जगभर तोंडपाठ झाली. पुढे २०१४ मध्ये त्याच मर्किन यांनी आपले मत बदलले. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे आणि बर्फ व पूर्ण आराम यांमुळे ती दुरुस्ती लांबू शकते, असे त्यांनी स्वतःहून लिहिले. स्वतःच्या नावाने रूढ झालेली गोष्ट छत्तीस वर्षांनी दुरुस्त करणे सोपे नसते. मला त्याबद्दल त्यांचा फार आदर वाटतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की बर्फाचा नाद सोडावा.

मैदानी

रानवारा, तुमची माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. मी पंधरा वर्षे खेळलो आणि दोन्ही घोटे मिळून पाच वेळा मुरगळले. पहिल्या दोन दिवसांत ठणक्यामुळे झोप लागत नाही तेव्हा बर्फासारखा आराम दुसऱ्या कशानेही पडत नाही. बर्फ जखम बरी करत नसेल, पण वेदना कमी करतो आणि वेदना कमी झाली की माणूस पाय हलवायला धजतो. पातळ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटे, मध्ये दोन तासांचे अंतर, एवढेच पथ्य पाळायचे. उघड्या कातडीवर बर्फ धरला तर कातडी भाजल्यासारखी होते, हे मी एका सहकाऱ्याच्या पायावर पाहिले आहे.

शेकाबद्दल म्हणाल तर पहिले दोन-तीन दिवस गरम शेक आणि चोळणे ही दोन्ही टाळावीत, सूज वाढते. नंतर आखडलेपणा घालवण्यासाठी कोमट शेक चालतो. पाऊलखुणा, नवव्या दिवशी सकाळची पावले जड जात असतील तर उठल्याबरोबर दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवून तो पाण्यातच हलवून पाहा.

रानवारा

मैदानी, वेदनेपुरता बर्फ वापरावा हे मान्य. पाय सुन्न करून लगेच मैदानात उतरणे याला माझा खरा विरोध आहे.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, म्हणून मूळ प्रश्नाला थेट उत्तर देते. पाऊलखुणा, तुमचे बंधू पहिल्या दोन-तीन दिवसांपुरते बरोबर होते आणि तुमची मैत्रीण त्यानंतर बरोबर आहे.

घोटा आतल्या अंगाला वळतो तेव्हा बहुधा बाहेरच्या बाजूचा, पुढचा अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारा चिवट पट्टा) ताणला जातो किंवा त्याचे काही तंतू तुटतात. पहिले काही दिवस तेथे सूज असते आणि शरीर तुटका भाग साफ करत असते. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत नवे तंतू विणले जातात, पण ते गवताच्या भाऱ्यासारखे कसेही पडलेले असतात. त्यांना दिशा मिळते ती हालचालीतून येणाऱ्या हलक्या ताणामुळे. तो ताण मिळाला नाही तर सांधा आखडतो, पोटरी बारीक होते आणि घोटा पुन्हा पुन्हा वळू लागतो. म्हणूनच हल्ली आमच्या क्षेत्रात आरामापेक्षा ‘झेपेल तेवढा भार’ यावर जोर दिला जातो. २०१९ मध्ये ‘पीस आणि लव्ह’ या नावाने जी सूत्रे पुढे आली, त्यांत तर बर्फ गाळलाच आहे आणि भार, हालचाल, रक्ताभिसरण वाढवणारा व्यायाम व मनाचा विश्वास यांना स्थान दिले आहे.

आता तुम्ही काय करावे ते सांगते. खुर्चीवर बसून पाय लांब करा आणि अंगठ्याने हवेत मोठमोठी अक्षरे काढा. मुळाक्षरे एकदा संपली की पुरे, असे दिवसातून तीन वेळा. पावलाच्या चवड्याला लांब टॉवेल अडकवून तो स्वतःकडे ओढा व ३० सेकंद धरा, पोटरी ताणली गेल्याचे जाणवले पाहिजे. हे सहज जमू लागले की स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन बोटे टेकवून दुखऱ्या पायावर उभ्या राहा. पहिल्या दिवशी पाच सेकंदांत घोटा थरथरू लागेल. त्या थरथरीला घाबरू नका, तोल सांभाळणारे स्नायू पुन्हा शिकत असतात.

किती करायचे याचा निवाडा दुसऱ्या दिवशीची सकाळ करते. व्यायाम करताना थोडे दुखले आणि तासाभरात शमले तर प्रमाण ठीक आहे. सकाळी कालच्यापेक्षा जास्त सूज किंवा जास्त दुखणे असेल तर प्रमाण निम्मे करावे, पण बंद करू नये.

पट्टी बोटांच्या मुळापासून वर गुंडाळावी, प्रत्येक वेढ्याने आधीचा अर्धा झाकावा आणि बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती गार किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या तर लगेच सैल करावी. रात्री पट्टी काढावी आणि पोटरीखाली उशी ठेवून पाय छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा.

धुकेरी

मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. मार घोट्याला लागला असताना निळा रंग बोटांपर्यंत कसा उतरतो? मला असे झाले तेव्हा बोटेही मोडली असे वाटून रात्रभर झोप आली नव्हती.

तळटीप

धुकेरी, तुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपलेले रक्त कातडीखाली खाली उतरत जाते, म्हणून घोट्याचे निळेपण बोटांत, कपाळाचे डोळ्यांभोवती दिसते. पुढे शरीर त्या रक्तातील हिमोग्लोबिन मोडू लागते. त्यातून आधी हिरवट, मग पिवळसर रंगद्रव्य बनते. पाऊलखुणा, तुमचा डाग आता कडेने पिवळा पडू लागला असेल तर निचरा नीट चालला आहे.

शुश्रूषा

घोट्याबद्दल सांधेजोड यांनी उत्तम लिहिले आहे. मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून जखमांच्या पट्ट्या बदलल्या आहेत, तेव्हा कोपराबद्दल लिहिते.

जखमेला हवा लागू द्यावी, ती सुकली म्हणजे बरी झाली, हा समज फार खोल रुजलेला आहे. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवरील जखमांचा अभ्यास करून दाखवले की पातळ आवरणाखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेगाने येते. कारण समजून घेतले की पटते. नव्या कातडीच्या पेशी कडेकडून मध्याकडे सरकत येतात. ओल असेल तर त्या सरळ सरकतात, वर टणक खपली असेल तर तिच्याखालून वाट काढावी लागते. तुमचा तर सांधा आहे. प्रत्येक वेळी हात दुमडला की खपली तडकते आणि खालची कोवळी कातडीही फाटते.

आज रात्री असे करा. हात साबणाने धुवा. कोपर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पाच मिनिटे धरा, खपली आपोआप मऊ होईल. ती ओढून काढू नका, सुटेल तेवढीच सुटू द्या. भोवतालची कातडी टिपून घ्या, जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या आणि न चिकटणारी पट्टी लावा. चिकटपट्टी लावताना हात किंचित दुमडलेला ठेवा, नाहीतर पहिल्याच हालचालीला पट्टी उखडते. पट्टी रोज बदला. बदलताना ती चिकटलेली वाटली तर ओढू नका, पाण्याने भिजवा आणि दोन मिनिटे थांबा. त्या दोन मिनिटांत कित्येक दिवसांचे काम वाचते.

निळाशाई

आमच्याकडे प्रत्येक जखमेवर स्पिरिट ओतायची पद्धत होती. जळजळले म्हणजे जंतू मेले, असे सांगितले जाई. ते चूक होते का?

शुश्रूषा

निळाशाई, उघड्या जखमेवर ते टाळावे. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर आपल्याच नव्या पेशीही मारतात. किरकोळ जखमेसाठी भरपूर स्वच्छ पाणी हेच सर्वांत चांगले औषध आहे, कारण माती आणि खडे त्याने वाहून जातात. खडा राहिला तर मात्र चिमट्याने काढावाच लागतो, नाहीतर कातडीत कायमचा काळा ठिपका राहतो.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच उचलू नये. गुठळी धरू लागलेली असते आणि ती उचलण्यानेच सुटते. दहा मिनिटांच्या दाबानंतरही रक्त थांबले नाही, जखमेच्या कडा आ वासून उघड्या राहिल्या किंवा आतली पिवळट चरबी दिसली तर टाके लागतात. त्यासाठी त्याच दिवशी, होईल तितक्या लवकर जावे. धनुर्वाताच्या लशीची तारीखही घरात लिहून ठेवावी. साध्या स्वच्छ जखमेला शेवटच्या मात्रेपासून दहा वर्षे आणि खोल किंवा मातीने माखलेल्या जखमेला पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा टोचून घ्यावी लागते.

मृद्गंधा

भाजण्याबद्दलही लिहायला हवे, कारण घरात सर्वांत जास्त चुका तेथे होतात. माझ्या मुलीच्या मनगटावर उकळते पाणी सांडले तेव्हा शेजारून कोणी टूथपेस्ट आणली, कोणी बर्फ आणला. मी नशिबाने आधीच नळ सोडला होता. थंड वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे हात धरायचा, घड्याळ लावून. २० मिनिटे फार मोठी असतात, मूल रडते, आपलाही जीव वरखाली होतो, पण आतपर्यंत पोहोचलेली उष्णता तेवढ्या वेळातच ओसरते. पहिल्या तीन तासांत केव्हाही हे केले तरी उपयोग होतो. बांगडी आणि अंगठी सूज येण्याआधी उतरवावी. फोड फोडू नयेत, खालच्या कातडीचे ते झाकणच असते. भाजलेला भाग भाजलेल्याच्या तळहातापेक्षा मोठा असेल, चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर असेल किंवा विजेने वा रसायनाने भाजले असेल तर पाण्याखाली धरून झाल्यावर थेट डॉक्टरांकडे जावे. मनगट सांध्यावर येते म्हणून आम्हीही गेलो आणि तीन आठवड्यांत डागही उरला नाही.

करंगळी

वर सगळेजण किरकोळ दुखापतीबद्दल लिहीत आहेत, पण किरकोळ कशाला म्हणावे याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. दोन वर्षांपूर्वी चेंडू झेलताना तो माझ्या डाव्या करंगळीच्या टोकावर आदळला. फारसे दुखले नाही, सूजही बेताचीच होती. फक्त शेवटचे पेर खाली झुकले होते आणि ते आपणहून सरळ होत नव्हते. दुसऱ्या हाताने सरळ केले की होई आणि सोडले की पुन्हा झुके. दुखत नाही म्हणून मी पाच आठवडे दुर्लक्ष केले.

ते पेर सरळ करणारा स्नायुबंध टोकापाशी तुटला होता. लगेच पट्टीच्या आधाराने पेर सरळ ठेवले असते तर सहा ते आठ आठवड्यांत तो जुळला असता. त्या काळात पेर एकदाही वाकू द्यायचे नसते, हात धुतानाही बोट टेबलावर सपाट ठेवून आधार बदलायचा असतो, कारण एकदा वाकले की मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागते. मी उशिरा सुरुवात केली, अकरा आठवडे आधार बांधला, तरी पेर आजही थोडे वाकडे आहे. तेव्हा वेदना किती आहे एवढेच पाहू नका. तो अवयव आपले काम करतो आहे का, हे पाहा.

सांधेजोड

करंगळी, तुमचा शेवटचा मुद्दा प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. अनुमोदन.

वडाचीसावली

माझ्या आईला मधुमेह आहे आणि तिच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे. चपलेत शिरलेला खडा तिला दिवसभर जाणवला नाही आणि त्याची जखम भरायला चार महिने लागले. अशा माणसांना या धाग्यातील घरगुती उपाय जसेच्या तसे लागू होत नाहीत. आम्ही आता रोज रात्री आरसा धरून तिचे तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या पाहतो, शेकाची पिशवी तिच्या पायाला लावत नाही आणि लहानशी चीर दिसली तरी त्याच दिवशी दाखवतो.

निळाशाई

जखम चिघळते आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे?

शुश्रूषा

पहिले दोन दिवस जखमेच्या कडेला थोडी लाली आणि ऊब असतेच, ती भरण्याची खूण आहे. लाली तिसऱ्या दिवसानंतर वाढत गेली, दुखणे कमी होण्याऐवजी ठणकू लागले, पू किंवा दुर्गंधी आली, ताप चढला किंवा जखमेपासून अंगाच्या दिशेने लाल रेघ निघाली तर थांबू नये. मी घरच्यांना एक सोपी युक्ती सांगते: लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढावी आणि शेजारी वेळ लिहावी. काही तासांनी लाली रेघ ओलांडून गेली असेल तर वाद घालायला जागा उरत नाही.

प्राण्याचा चावा मात्र कितीही लहान असला तरी घरगुती बाब समजू नका. साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रेबीजच्या लशीसाठी जावे. डोक्याला मार लागून वारंवार उलट्या, वाढती गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तरीही थांबू नये.

मैदानी

वेदनाशामक गोळ्यांबद्दल थोडक्यात लिहितो. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. पॅरासिटामॉल सुरक्षित वाटते, पण सर्दीच्या गोळ्यांतही तेच असते. धडधाकट प्रौढाने २४ तासांत सर्व मिळून ४ ग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये आणि यकृताचा त्रास असेल तर आधी विचारावे. १६ वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

पाऊलखुणा

सर्वांचे मनापासून आभार. आज एकतिसावा दिवस आहे, म्हणून काय झाले ते लिहिते. अक्षरे आणि टॉवेल दहाव्या दिवसापासून सुरू केले. सांधेजोड म्हणाल्या तशी पहिल्या दिवशी एका पायावर चार सेकंदांत घोटा थरथरला. आता ३० सेकंद उभी राहते, डोळे मिटले की मात्र सातव्या सेकंदाला तोल जातो. मध्ये एकदा उत्साहाने फार लांब चालून आले आणि दुसऱ्या सकाळी सूज परतली, तेव्हा प्रमाण निम्मे केले आणि चौथ्या दिवशी पुन्हा जागेवर आले. कोपराची पट्टी अकराव्या दिवशी सुटली. बंधूंनी पट्टी बदलण्याचे काम स्वतःकडे घेतले होते आणि भिजवून दोन मिनिटे थांबण्याचा नियम त्यांनी माझ्यापेक्षा कसोशीने पाळला. आता पळायला केव्हा सुरुवात करू?

सांधेजोड

फार छान. तारखेवरून ठरवू नका. दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच वर उचलणे २० वेळा जमले, त्याच पायावर जागच्या जागी दहा उड्या न दुखता मारता आल्या आणि डोळे मिटून दोन्ही पायांचा तोल जवळपास सारखा राहिला की सपाट जमिनीवर एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे असे आलटून पालटून सुरू करा. अस्थिबंधाची आतली घडण वर्षभरही चालू राहते, म्हणून तोलाचा व्यायाम दुखणे थांबल्यावरही निदान तीन महिने सोडू नका. दात घासताना एका पायावर उभ्या राहिलात तरी रोजचा वाटा पुरा होईल.

शुश्रूषा

कोपरावरची नवी कातडी गुलाबी आहे तोवर उन्हात बाहीने झाका, नाहीतर तेथे गडद डाग राहील.

पाऊलखुणा

लांब बाहीचा सदरा काढून ठेवला आहे. टाच उचलणे आज बारा वेळा झाले. वीस झाले की येथेच कळवते.